पागडीची जागा मालकाला परत देताना मिळणारे पैसे : कर किती, कोणाला, कधी?

चाळकरी

नमस्कार मंडळी. गिरगावात आमची पागडीची दोन खोल्यांची जागा आहे, सव्वादोनशे चौरस फूट. भाडेपावती अजून वडिलांच्या नावाने फाटते. आई आधी गेली, वडील २००९ मध्ये गेले. मी जन्मापासून इथेच राहतो. बहीण लग्न होऊन नाशिकला, धाकटा भाऊ टोरांटोला.

मालकांच्या मुलाने इमारत विकायला काढली आहे. एकेका बिऱ्हाडाशी बोलणी चालू आहेत. आम्हाला ६० लाख देऊ केलेत आणि मार्चच्या आत दस्त करून ताबा हवा आहे. वकिलांनी पाठवलेल्या मसुद्यात लिहिलंय, 'जागा खाली करून देण्याबद्दल व होणाऱ्या गैरसोयीबद्दल भरपाई'. १५ लाख रोख आणि बाकी चेकने, असं तोंडी सांगितलं आहे.

शेजारचे काका म्हणतात, पागडीच्या पैशाला कर नसतो. त्यांच्या मेव्हण्यांनी १९९० च्या सुमारास परळची खोली सोडली तेव्हा एक पैसाही भरावा लागला नव्हता. बँकेतला मित्र म्हणतो, पगारात मिळवून ३० टक्के लागेल. बहीण-भावाला हिस्सा द्यायचाच आहे, त्यात माझ्या मनात काही नाही. माझी अजून दोन वर्षं नोकरी आहे, पगार वर्षाला ९ लाख. बदलापूरला माझ्या एकट्याच्या नावावर वनबीएचके आहे.

नक्की काय धरून चालायचं?

दादरकर

काका बरोबर सांगतायत. आमच्या नात्यातही दोघातिघांनी जागा सोडल्या, कोणी कर भरल्याचं ऐकलं नाही. जुन्या जागेची किंमत काय लावणार? किंमतच नाही तर नफा कसला?

गॅलरी

दादरकर, ते पूर्वीचं असेल. आमच्या लालबागच्या इमारतीत दोन वर्षांपूर्वी एकांनी जागा सोडली, त्यांनी कर भरला. किती ते माहीत नाही. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

हिशेबनीस

चाळकरी, मसुद्यावर सही केली नसेल तर थांबा. यातल्या बऱ्याच गोष्टी सहीच्या आधीच दुरुस्त होतात, नंतर नाही.

आधी काका आणि दादरकर यांच्याबद्दल. त्यांचं म्हणणं त्यांच्या काळापुरतं खरं होतं. भाडेहक्क ही भांडवली मालमत्ता आहे आणि ती मालकाला परत देणं म्हणजे हस्तांतर, हे न्यायालयांनी मानलेलं आहे. पण भांडवली नफा काढायचा तर विक्रीतून खरेदी वजा करावी लागते, आणि महिन्याचं भाडं भरत आलेल्या भाडेकरूच्या हक्काची खरेदी किंमत ठरवायची कशी? १९८१ मध्ये श्रीनिवास शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जिथे खरेदी किंमत काढताच येत नाही तिथे भांडवली नफ्याचा कर बसत नाही. तो खटला धंद्याच्या नावलौकिकाचा होता, पण तेच सूत्र भाडेहक्कालाही लागलं. पुढे प्राप्तिकर खात्याने दुसरी वाट धरली. भांडवली नफा नाही तर हे प्रासंगिक उत्पन्न म्हणून धरा, अशी. डी. पी. सांडू ब्रदर्स चेंबूर या कंपनीच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तीही वाट बंद केली. भाडेहक्क सोडल्याचा मोबदला ही भांडवली जमाच आहे, ती दुसऱ्या शीर्षाखाली ओढता येणार नाही, असा तो निकाल.

मात्र तो निकाल लागेपर्यंत कायदा बदलून गेला होता. १९९४ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५५(२) मध्ये भाडेहक्क घातला आणि १९९५-९६ या कर आकारणी वर्षापासून सरळ नियम केला : हक्क पैसे देऊन घेतला असेल तर दिलेली रक्कम ही किंमत, नाही तर किंमत शून्य. म्हणजे काकांचे मेव्हणे १९९० मध्ये कर न भरता मोकळे झाले ते रास्तच होतं. आज तसं होणार नाही.

आता बँकेतल्या मित्राबद्दल. ३० टक्के लागत नाही. हक्क २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे आहे, म्हणून हा दीर्घकालीन भांडवली नफा. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के दर आहे. त्याआधी २० टक्के होता आणि महागाई निर्देशांकाचा फायदा मिळायचा. घर विकणाऱ्या कित्येकांना तो फायदा गेल्याचं दुःख झालं, पण शून्याला कितीही निर्देशांक लावला तरी शून्यच, त्यामुळे पागडीच्या भाडेकरूला या बदलात निव्वळ लाभ झाला.

तुमचे ६० लाख एकट्याच्या नावावर आले आणि काहीच गुंतवले नाहीत, तर ७ लाख ५० हजार कर. एकूण उत्पन्न ५० लाखांवर गेल्यामुळे १० टक्के अधिभार, ७५ हजार. त्यावर ४ टक्के उपकर, ३३ हजार. एकूण ८ लाख ५८ हजार. जुन्या दराने हाच आकडा १३ लाख ७३ हजारांच्या आसपास गेला असता.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ९ लाख पगारावर नव्या करपद्धतीत २०२५-२६ साठी तुम्हाला कर शून्य येतो, कारण १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सूट आहे. नफा मिळवून एकूण उत्पन्न १२ लाखांवर गेलं की ती सूट जाते. म्हणजे पगारावरचा सुमारे २५ हजारांचा करही या वर्षी भरावा लागेल.

रोख १५ लाखांबद्दल वेगळं लिहितो, ते जास्त महत्त्वाचं आहे.

हिशेबनीस

रोख घेऊ नका. कलम २६९एसटीप्रमाणे एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि दंड घेणाऱ्याला आहे, देणाऱ्याला नाही. दंड घेतलेल्या रकमेइतकाच. १५ लाख रोख घेतले तर १५ लाख दंड. ते पैसे विवरणपत्रात दाखवले तरी हा दंड टळत नाही.

त्यात मालकांचंही नुकसान आहे, हे त्यांच्या मुलाला नीट समजावून सांगा. इमारत विकताना भाडेकरूंना दिलेले पैसे त्यांना नफ्यातून वजा मागता येतात. रोख दिलेले १५ लाख ते कोणत्या कागदावर दाखवणार? बऱ्याच मालकांना एवढं सांगितलं की ते स्वतःहून सगळं बँकेतून द्यायला तयार होतात.

दादरकर

धन्यवाद हिशेबनीस. सांडूंचा निकाल ऐकून होतो, मधला कायदा बदलल्याचं माहीत नव्हतं. एक शंका. आमच्या आजोबांनी १९६८ मध्ये आधीच्या भाडेकरूला पागडी देऊन खोली घेतली होती. ती रक्कम वजा मिळेल?

हिशेबनीस

मिळते. हक्क वारसाने आला असेल आणि आधीच्या व्यक्तीने तो विकत घेतला असेल, तर त्याने दिलेली किंमत तुम्हाला धरता येते. पण पुरावा हवा. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याखाली पागडी घेणं गुन्हा होता, म्हणून त्या काळचे कागद क्वचित सापडतात. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० ला लागू झाला आणि त्याच्या कलम ५६ ने हक्क देताना-सोडताना अधिमूल्य (म्हणजेच पागडी) घेणं कायदेशीर केलं. त्यानंतर पागडी देऊन जागा घेतलेल्यांकडे नोंदलेला दस्त असतो, त्यांचं काम सोपं आहे.

१ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य धरायची सवलत भाडेहक्काला नाही. पुष्कळ जण मूल्यांककाकडून तसा अहवाल करून आणतात आणि त्याचे पैसे वाया जातात.

सुमेधा_नाशिक

चाळकरीदादा, मी तुमच्या बहिणीच्या जागी होते, म्हणून विचारते. आमच्या बाबतीत माझं नाव दस्तात घातलं आणि माझा हिस्सा माझ्या खात्यात आला. मला दुसरं उत्पन्न नाही, तरी कर भरावा लागला. तिन्ही भावंडांत वाटून घेतलं तर कर कमी होतो ना?

हिशेबनीस

सुमेधाताई, आकड्यांत थोडा कमी होतो. चाळकरींच्या बहिणीला दुसरं उत्पन्न नसेल आणि २० लाख तिच्या नावावर आले, तर निवासी व्यक्तीला ४ लाखांची मूळ करमुक्त मर्यादा या नफ्यातून वजा करता येते. उरलेल्या १६ लाखांवर २ लाख कर आणि ८ हजार उपकर. भावाला मात्र ही मर्यादा नाही, कारण तो अनिवासी.

पण वाटणी कर कमी करण्यासाठी ठरवायची नसते. आधी बघायचं की भाडेहक्क कायद्याने कोणाकडे आला. निवासी जागेसाठी भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ७(१५)(ड) सांगतं की भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू होतो. असं कोणीच राहत नसेल तरच बाकीचे वारस येतात. वडील गेले तेव्हा चाळकरी त्यांच्याजवळ राहत होते. बहीण सासरी आणि भाऊ...? भाऊ तेव्हा कुठे होता, हे लिहिलेलं नाही.

चाळकरी

भाऊ २००६ लाच कॅनडाला गेला. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात येऊन राहिला होता, पण घर मी आणि बायकोनेच सांभाळलं. पावतीवर नाव बदलायला मी दोनदा अर्ज दिला, मालकांनी केलं नाही.

हिशेबनीस

मग माझ्या समजुतीप्रमाणे भाडेकरू तुम्ही एकटे. पावतीवर नाव न बदलल्याने हक्क जात नाही. तुमचा अर्ज, रेशनकार्ड, वीजबिल, मतदारयादी हे सगळं जपून ठेवा. दस्तात भाऊ-बहीण पुष्टी देणारे पक्षकार म्हणून सही करतील, म्हणजे मालकांना पुढे वाद नको. पैसे तुमच्या नावावर, कर तुमच्या विवरणपत्रात. भावंडांना तुम्ही जे द्याल ती भेट. सख्ख्या भावंडांकडून मिळालेल्या भेटीवर त्यांना इथे कर नाही.

मात्र ती रक्कम तुमच्या नफ्यातून वजा होत नाही. ही गोष्ट पुढच्या भागात फार जड पडते, म्हणून नीट वाचा.

कर वाचवायचा मार्ग एकच उरतो, कलम ५४एफ. कलम ५४ राहत्या घराच्या विक्रीसाठी आहे. तुम्ही घर विकत नाही, घरात राहायचा हक्क सोडताय, म्हणून ते लागत नाही. नफा गुंतवून कर वाचवायचे ५४ईसीचे रोखे २०१८ नंतर फक्त जमीन-इमारतीसाठी राहिले, तेही गेले. ५४एफमध्ये मिळालेली संपूर्ण रक्कम नव्या घरात घालावी लागते. आधीच्या १ वर्षात किंवा नंतरच्या २ वर्षांत विकत घेतलेलं, किंवा ३ वर्षांत बांधलेलं, भारतातलं एक राहतं घर. हस्तांतराच्या दिवशी तुमच्या नावावर एकापेक्षा जास्त घरं नसावीत. बदलापूरचं एक आहे, ते चालतं.

आता हिशेब असा. ६० लाखांतले ४० लाख भावंडांना दिले आणि उरलेल्या २० लाखांचं घर घेतलं, तर माफी एक तृतीयांशच. ४० लाख नफा करपात्र, त्यावर ५ लाख कर आणि २० हजार उपकर, पगारावरचा वेगळा. हातात काहीच राहिलेलं नसताना ५ लाख २० हजार कुठून भरणार?

उपाय आहे. नव्या घरात तेच पैसे घातले पाहिजेत असं नाही. कर्ज काढून घेतलेल्या घरालाही ही माफी प्राप्तिकर न्यायाधिकरणांनी मान्य केली आहे. म्हणजे ६० लाखांचं घर २० लाख स्वतःचे आणि ४० लाख कर्ज असं घेतलं तर पूर्ण माफी मागता येते. पण दोन वर्षांनी निवृत्त होणाऱ्या माणसाला ४० लाखांचं कर्ज कोण देईल आणि ते फेडायचं कसं, याचं उत्तर कायदा देत नाही. भावंडांशी बसून बोला. कर आधी काढून ठेवून उरलेले तीन भाग करायचे, हे मला सगळ्यांत सरळ वाटतं. कर फक्त घरात राहिलेल्या भावाने सोसायचा हे बरोबर नाही.

सुमेधा_नाशिक

शेवटच्या दोन ओळींना १०० टक्के अनुमोदन. आमच्याकडे हे आधी कोणी बोललं नाही, त्यातून दोन वर्षं भावाशी अबोला झाला. आधी बोला दादा.

पैलतीर

मी मिसिसागाला असते, माझीही दादरला अशीच जागा होती, म्हणून भावाच्या बाजूचं लिहिते. तुम्ही त्याला भेट दिलीत तर कॅनडात मिळालेल्या भेटीवर त्याला प्राप्तिकर नाही. तो स्वतः भाडेकरू म्हणून दस्तात आला असता तर जगभरचं उत्पन्न म्हणून तो नफा त्याला इथेही दाखवावा लागला असता. इथे येण्याआधीच हक्क आलेला असेल तर स्थायिक झालेल्या दिवशीचं बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरतात, आणि भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते, पण कागदपत्रं गोळा करता करता जीव जातो.

दुसरं म्हणजे अनिवासी माणूस हक्कदार असला की पैसे देणाऱ्याला कलम १९५ खाली कर कापावा लागतो. पैसे देणाऱ्याकडे टॅन (कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक) लागतो, २७क्यू हे कपातीचं विवरणपत्र भरावं लागतं. आमच्या मालकांना हे कोणी सांगितलं नव्हतं आणि दस्ताच्या दिवशी सगळं अडलं. कमी कपातीचा दाखला आधी काढला असता तर निभावलं असतं.

चाळकरी

पैलतीर, मनापासून आभार. भावाला हे जसंच्या तसं पाठवतो. त्याच्या एनआरओ खात्यात (अनिवासींचं इथलं रुपयातलं खातं) पैसे टाकू शकतो ना मी?

पैलतीर

हो. रुपयातली भेट एनआरओमध्ये जाते, ती रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेच्या (एलआरएस) मर्यादेत मोजतात. बँकेत अर्ज द्यावा लागेल. नात्याचा साधा भेटलेख करून ठेवा, त्याला उपयोगी पडेल.

वाडामालक

मी पलीकडच्या बाजूचा. सदाशिव पेठेत आमचा वडिलोपार्जित वाडा होता. भाडेकरू तीन पिढ्यांचे, भाडं इतकं की त्यातून कौलं शाकारायचा खर्चही निघत नसे. त्यातल्या काहींना पैसे देऊन जागा मोकळ्या करून घेतल्या आणि आता वाडा विकायचा आहे. आमच्या सल्लागारांनी सांगितलं की भाड्याच्या उत्पन्नातून हे पैसे वजा होत नाहीत. मग कुठे होतात? मालकांबद्दल सगळे तुच्छतेने बोलतात, म्हणून जरा बिचकतच विचारतोय.

हिशेबनीस

बिचकू नका. गोठवलेल्या भाड्यात वाडा उभा ठेवणं किती कठीण होतं हे पेठांत राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

सल्लागार बरोबर आहेत. घरमालमत्तेच्या उत्पन्नातून ३० टक्के ठोक वजावट आणि कर्जाचं व्याज, एवढंच मिळतं. भाडेकरूला दिलेले पैसे तिथे बसत नाहीत. ते वाडा विकताना बसतात, कलम ४८ खाली. दोन प्रकारे मागता येतं. भाडेहक्क परत घेतल्यामुळे तुमची मालकी निर्वेध झाली, म्हणून सुधारणेचा खर्च. किंवा मोकळा ताबा ही विक्रीचीच अट होती, म्हणून विक्रीसाठी झालेला खर्च. दुसरा प्रकार भक्कम करायचा असेल तर विक्रीच्या करारात 'भाडेकरूविरहित मोकळा ताबा' हे शब्द हवेत आणि भाडेकरूंचे दस्त त्याच काळातले हवेत. दहा वर्षांपूर्वी दिलेले पैसे त्यात ओढायला गेलात तर अधिकारी विचारणारच.

वाडा विकसनाला देणार असाल आणि मोबदला म्हणून सदनिका मिळणार असतील तर कलम ४५(५ए) वेगळं आहे. त्यात कर पूर्णत्वाच्या दाखल्याच्या वर्षी येतो. आणि जो बांधकामाचाच धंदा करतो, त्याने भाडेकरूला दिलेले पैसे सरळ प्रकल्पाच्या खर्चात जातात.

अजून काही भाडेकरू राहिले असताना वाडा विकला आणि किंमत रेडी रेकनरपेक्षा (मुद्रांक शुल्कासाठीच्या सरकारी दरापेक्षा) कमी आली, तर कलम ५०सी तुम्हाला त्रास देईल, ते रेडी रेकनरचाच आकडा विक्रीची किंमत म्हणून धरतं. मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवा अशी लेखी मागणी तेव्हाच करा. भाडेकरू बसलेली इमारत मोकळ्या इमारतीच्या भावाने विकली जात नाही, हे मांडायची संधी तिथे मिळते.

वाडामालक

फार उपयोगी. दस्त सगळे नोंदणीकृत आहेत, पैसे बँकेतूनच दिलेत. विक्रीच्या मसुद्यात मोकळ्या ताब्याचे शब्द घालायला सांगतो.

गॅलरी

चाळकरी, कराचं झालं, पण एक विचारू? तुमची इमारत उपकरप्राप्त (म्हाडाचा दुरुस्ती उपकर भरणारी जुनी इमारत) आहे ना? मग मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली पुनर्विकास झाला तर किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचं घर मालकीने मिळतं. इमारत विकली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, नवा मालक तुमच्यासकटच इमारत घेतो. गिरगावात ६० लाख हा आकडा मला कमी वाटतो. मार्चची घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही.

आमच्याकडे बिल्डर पुनर्विकास होईपर्यंत महिन्याला भाडं देतो. त्यावर कर असतो का, हेही कोणी सांगेल का?

हिशेबनीस

गॅलरी, चाळकरींना दिलेला सल्ला अगदी योग्य आहे. मीही आधी हेच विचारायला हवं होतं.

बिल्डरकडून मिळणारं तात्पुरत्या निवाऱ्याचं भाडं हे घर सोडावं लागल्याच्या त्रासाचं आहे, ती भांडवली जमा आहे, असे मुंबई न्यायाधिकरणाचे निकाल आहेत. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटलं की हे कायद्याच्या अर्थाने भाडं नव्हे, त्यावर टीडीएस कापायचा नाही. तुमचा बिल्डर कापत असेल तर तो निकाल दाखवा.

चाळकरींच्या पैशांना मात्र हे लागू नाही. तुम्ही परत येणार आहात, ते हक्क कायमचा सोडतायत. म्हणूनच त्यांच्या मसुद्यातले 'गैरसोयीबद्दल भरपाई' हे शब्द मला खटकले. त्या शब्दांनी करमाफी मिळत नाही. उलट अधिकारी म्हणू शकतो की हा भाडेहक्काचा मोबदलाच नाही, मग ५४एफ कसलं मागता? आणि इतर उत्पन्न म्हणून चढ्या दराने कर लावायचा प्रयत्न करेल.

दादरकर

रेडी रेकनरने या जागेची किंमत सव्वा कोट निघाली आणि मिळाले ६० लाख, तर फरकावर कर?

हिशेबनीस

भाडेकरूला नाही. ५०सी जमीन किंवा इमारत विकणाऱ्याला लागतं. भाडेहक्काला ते लागत नाही असं न्यायाधिकरणाने मानलेलं आहे. त्याच कारणाने स्थावर मालमत्ता घेणाऱ्याने कापायचा १९४-आयएचा १ टक्का टीडीएसही लागत नाही असं बहुतेक सल्लागार धरतात. तरी एखादा मालक सावधपणे कापतो. कापला तर २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या कराचा उतारा) तपासून विवरणपत्रात वजावट घ्या, भांडू नका.

चाळकरी

मंडळी, दोन दिवस घरात हेच चाललं होतं. गॅलरीताईंचं वाचून मालकांच्या मुलाला सांगितलं की मार्च जमणार नाही. रोख घेणार नाही हेही सांगितलं. तो आधी चिडला, मग हिशेबनीस यांनी लिहिलेली वजावटीची गोष्ट सांगितल्यावर वडिलांशी बोलतो म्हणाला. आकड्यावर पुन्हा बसायचं ठरलंय. बहीण-भावाशी व्हिडिओ कॉल झाला. कर बाजूला काढून मगच तीन भाग, हे दोघांनी लगेच मान्य केलं.

दोन शंका. दस्त एप्रिलनंतर गेला तर कायदा बदलतो का? आणि बदलापूरच्या घरासोबत बायकोच्या माहेरच्या घरात तिचं आणि माझं संयुक्त नाव आहे, सासऱ्यांनी घातलेलं. ते मोजतात का?

हिशेबनीस

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा प्राप्तिकर कायदा लागू होतो. कलमांचे आकडे बदलतात, दर आणि भाडेहक्काचं तत्त्व तेच राहतं. उलट एप्रिलमध्ये दस्त केलात तर विवरणपत्राची मुदत जुलै २०२७ वर जाते. तोपर्यंत घर ठरलं नाही तर उरलेली रक्कम त्या मुदतीच्या आत बँकेतल्या भांडवली नफा खाते योजनेत ठेवायची, म्हणजे माफी शाबूत राहते. घर शोधायला एवढा अवधी मोठा आहे. नफा ज्या तिमाहीत होईल तिच्यानंतरच्या हप्त्यांत आगाऊ कर भरा, नाहीतर व्याज लागतं.

संयुक्त नावाचं आधी सांगायला हवं होतं, हे कळीचं आहे. अशा घराला 'मालकीचं घर' म्हणून मोजायचं की नाही, यावर दोन्ही बाजूंचे निकाल आहेत. तुम्ही एक पैसाही दिलेला नसेल तर बाजू बरी आहे, पण ६० लाखांच्या माफीसाठी एवढी जोखीम का घ्यायची? दस्ताच्या आधी तुमचं नाव त्या घरातून बक्षीसपत्राने किंवा हक्कसोडपत्राने बायकोच्या नावे काढून टाका. हस्तांतराच्या दिवशी काय स्थिती आहे तेच बघतात. नवं घर घेताना मात्र तुमचं नाव पहिलं हवं. ते तीन वर्षं विकायचं नाही, आणि दोन वर्षांत आणखी दुसरं घर घ्यायचं नाही.

चाळकरी

सासरी बोलतो. वकिलांना मसुद्यात नेमकं काय बदलायला सांगू?

हिशेबनीस

भरपाईचं वाक्य पूर्ण काढायला सांगा आणि साधारण असं घाला : 'भाडेकरू हे परिशिष्टात वर्णन केलेल्या जागेचे, त्यांचे दिवंगत वडील मूळ भाडेकरू यांच्या मृत्यूच्या वेळी त्यांच्यासमवेत राहत असल्याने, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये भाडेकरू आहेत. ते आपले संपूर्ण भाडेहक्क या दस्तान्वये मालकांच्या लाभात कायमचे सोडून देत आहेत व त्याचा संपूर्ण मोबदला म्हणून मालकांनी पुढील पे ऑर्डरने रक्कम अदा केली आहे.' त्याखाली पे ऑर्डरचे क्रमांक, बँक, तारीख. ताबा त्याच दिवशी, तेही लिहा. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च कोणाचा, हे वेगळ्या कलमात येऊ दे. साधारणपणे तो मालक करतात. आणि पे ऑर्डर हातात पडल्याशिवाय किल्ली देऊ नका.

वकिलांनी 'यातला काही भाग सामान हलवण्याचा खर्च' अशी फोड सुचवली तर नको म्हणा. एकच रक्कम, एकच कारण. सुधारलेला मसुदा आला की नावं झाकून इथे टाका, मी आणि बाकीचे बघू.